खुर्चीच्या मागे उभा राहून

आमच्या कार्यालयाच्या मागच्या गल्लीत, टायरचे दुकान आणि चष्म्याचे दुकान यांच्या मधोमध एक केशकर्तनालय आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींवर लांब आरसे, दोन खुर्च्या आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाक. बाकाच्या एका पायाखाली लाकडाची पाचर आहे. खुर्च्यांपैकी एकच चालते, दुसरीवर टॉवेल वाळत असतात. मालक, कारागीर आणि झाडूवाला हे तिन्ही हुद्दे एकाच माणसाकडे आहेत. त्याला सगळे रेडिओ म्हणतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्याचे वडील दुकान चालवत आणि हा शाळेतून येऊन केस झाडत असे. आता माझ्या निवृत्तीचे कागद तयार होऊ लागले आहेत. माझे केस काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे विरळ झाले, ते सगळे याच घराण्याच्या कात्रीखाली.

रेडिओ हे नाव टायरवाल्याने ठेवले. दुकान उघडले की हा सुरू, शटर ओढले की बंद. हवा, भाजीचे भाव, खेळांचे निकाल, कोणाच्या घराचे काम रखडले, कोणाचा जावई परदेशातून रिकाम्या हाताने आला. कात्री आणि तोंड एकाच तालात चालत. त्याच्या बोलण्यात एक गोष्ट कधीच येत नसे, ती म्हणजे तो स्वतः. "काय रे, कसं चाललंय?" असे विचारले की ठरलेले उत्तर येई. "एकदम छान, साहेब. तुमची मान जरा खाली."

त्यामुळे एका सकाळी त्याने माझी दाढी एक शब्दही न बोलता अर्धी केली, तेव्हा ते आधी माझ्या लक्षातच आले नाही. काहीतरी चुकते आहे एवढेच वाटत होते. बाकावरून टायरवाला म्हणाला, "आज स्टेशन लागत नाही वाटतं."

रेडिओ हसला नाही. टायरवाला आपल्या दुकानात गेल्यावर मी आरशातच त्याच्याकडे पाहून विचारले, "काय झालं?"

"काही नाही साहेब."

"अर्धी दाढी ठेवून उठून जाईन मी."

तेव्हा तो म्हणाला, "मुंगीला शाळेतून काढतायत."

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. वय अकरा. लहानपणापासून भिंतीला धरून सावकाश चालते म्हणून हे नाव पडले. मी तिला बऱ्याचदा पाहिले होते. नीटनेटकी, कपाळावर छान कापलेली झुलपे. तिचे केस बाप स्वतः कापतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. तिला झटके येतात हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. उभी असली की एकदम खाली कोसळते, हात पुढे करायलाही सवड मिळत नाही. उठल्यावर बराच वेळ शब्द सापडत नाहीत. औषधे चालू होती, तरी पडणे थांबले नव्हते.

शाळेचे म्हणणे असे होते की तिच्याबरोबर कायम एक मदतनीस हवी. ती सरकारी समितीने मंजूर करायची. समितीने नामंजूर केली. शाळेने सांगितले, मग पुढच्या सत्रापासून आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही, मुलीला घरीच ठेवा.

"नामंजूर का केली?"

"म्हणाले, मुलगी छान आहे की."

हळूहळू सगळे कळले. समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी याने मुंगीचे केस कापले होते. इतके सुरेख, की पडण्याच्या खुणा केसांखाली पार दडल्या. तिच्या आईने, जी एका मोठ्या धुलाईघरात इस्त्रीचे काम करते, तिला कडक इस्त्रीचा फ्रॉक घातला. मुंगीने नाव सांगितले, एक कविता म्हणून दाखवली. मग समितीच्या साहेबांनी याला समोरच्या खुर्चीत बसवून विचारले, घरी काय त्रास होतो? आणि याने उत्तर दिले, "काही नाही साहेब. एकदम छान."

"अरे, असं कसं म्हणालास तू?"

"तोंडातून गेलं. समोर बसलेल्या माणसाला मी दुसरं काय सांगणार? सवयच नाही." वस्तरा पुसत तो म्हणाला, "आणि कोणाच्या डोक्यात काही उणं असेल तर ते झाकायचं, हेच शिकलोय. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक खुर्चीतून उठताना देखणं उठलं पाहिजे."

दोष कोणाला द्यावा हे मला सुचेना. साहेबांनी जे दिसले ते लिहिले होते.

फेरविचार मागता येतो, एवढे त्याला शाळेतल्या शिपायाने सांगितले होते. पण कोणाकडे जायचे? शाळा म्हणे आरोग्य खात्यात विचारा, आरोग्य खाते म्हणे शाळेत विचारा. एका गिऱ्हाइकाने, जे स्वतः वकील आहेत, सरळ दावा लावू म्हटले. ते ऐकून रेडिओ आणखी घाबरला. शेवटी मी आमच्या आवक-जावक विभागातल्या बाईंना विचारले. त्यांच्या भाच्याला ऐकू येत नाही, आणि त्याच्या शाळेसाठी कोणीतरी भांडले होते हे मला आठवत होते. त्या म्हणाल्या, "वकीलबाईंकडे जा. वकील नाहीत त्या, पण लोक म्हणतात."

वकीलबाईंची खोली एका छापखान्याच्या वर होती. यंत्र चालू झाले की जमीन थरथरे, टेबलावरचे पेन आपोआप सरके आणि बाई न बघता ते परत जागेवर ठेवत. साठीच्या आसपासच्या, आवाज मोठा. यंत्राच्या आवाजावर बोलून बोलून तसा झाला असणार. त्यांचा धाकटा भाऊ चालू शकत नसे. त्याला घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढता चढता कोणत्या साहेबाला काय विचारायचे असते हे त्या शिकल्या. भाऊ गेला, शिकलेले राहिले. आता त्या अशा मुलांच्या आईबापांबरोबर समितीपुढे जाऊन बसत.

रेडिओ त्यांच्यासमोर बसला. बाईंनी विचारले, "सांगा, मुलगी कशी आहे?"

"बरी आहे," तो म्हणाला.

त्याची बायको शेजारी होती. तिने कपाळाला हात लावला. "बघितलंत? जगाची बडबड करतात आणि स्वतःच्या पोरीचं विचारलं की दातखीळ. मी सांगते बाई, मला विचारा."

"तुमचंही ऐकणार आहे," बाई म्हणाल्या. "पण यांना काय होतंय ते मला आधी बघू दे. दुकान कधी उघडता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाई पुरुषांच्या केशकर्तनालयात बाकावर येऊन बसल्या. दुकानाच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. टायरवाला तोंडाला साबण फासलेल्या अवस्थेत खुर्चीत होता. त्याने पोट आत ओढले आणि डोळे मिटून घेतले. बाकावरचा एकजण काम आठवल्यासारखा उठून गेला. बाईंनी पिशवीतून विणकाम काढले आणि दुपारपर्यंत विणत बसल्या. कोणाशी काही बोलल्या नाहीत. सुरुवातीला रेडिओ गप्प होता. मग गिऱ्हाईक बदलले, कात्री सुरू झाली, आणि थोड्या वेळाने तोही सुरू झाला.

जेवणाच्या सुट्टीत मी तिथे पोचलो, तेव्हा बाई विणकाम गुंडाळत होत्या.

"तुम्ही बसून बोलत नाही," त्या त्याला म्हणाल्या. "खुर्चीच्या मागे उभे राहून बोलता. हात डोक्यावर आणि नजर आरशात. खुर्चीतल्या माणसाने काही विचारलं तरी उत्तर आरशातल्याला देता."

रेडिओने स्वतःच्या हातांकडे पाहिले.

"बाकी मी बघते," बाई म्हणाल्या. "माझी एकच अट आहे. तिथे मुलीबद्दल जे बोलाल, ते आधी तिला सांगायचं. तिने पहिल्यांदा तिथे, परक्यांसमोर ऐकायचं नाही."

"तिला कसं सांगू? लहान आहे ती."

"तिच्याबद्दलच आहे ना ते?"

ही अट त्याला समितीपेक्षा जड गेली. आठवडा गेला. बायको रोज विचारी, "सांगितलंत?" आणि हा रोज म्हणे, "आज दमली होती." फेरविचाराची तारीख जवळ आली तेव्हा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो मुंगीला घेऊन आला, शटर अर्धे ओढले आणि तिला चालत्या खुर्चीत बसवले. पुढचे सगळे त्याने मला नंतर, माझ्या मागे उभा राहून सांगितले. मी मान हलवू शकत नव्हतो, ते एक बरे झाले.

लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी त्याने काढली. मुंगी म्हणाली, "फळी नको. मी मोठी आहे."

त्याने खुर्ची वर केली. तिच्या कपाळावरचे केस कंगव्याने मागे घेतले आणि तसेच धरून ठेवले. घरी एकच लहान आरसा, तोही वर टांगलेला. इतक्या उजेडात, इतक्या मोठ्या आरशात तिने आपले कपाळ कधी पाहिलेच नव्हते.

तिने बोटाने एकेक व्रण मोजला. "एवढे आहेत?"

"हो."

"हा कधीचा?"

"तो जिन्यावरचा. तू पहिलीत होतीस."

"खूप रक्त आलं?"

"आलं. तुला आठवत नाही?"

"मी तेव्हा नसते ना," मुंगी म्हणाली.

मग तो एकेक सांगत गेला. नळाजवळचा, उंबऱ्यावरचा, शाळेच्या फाटकापाशी झालेला. पडल्यावर ती कशी होते, कोण धावते, आई काय करते. ती पुन्हा डोळे उघडेपर्यंत आपण काय करतो हे मात्र त्याने सांगितले नाही. ते तिने विचारले.

"तू काय करतोस?"

"मी तुझ्या डोक्याखाली हात ठेवतो आणि बडबडतो. काहीही. भाजीचे भाव."

ती हसली. पण ती पुढे म्हणाली, "मग तू झाकतोस कशाला?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"मला विचारलं नाहीस."

ती आरशातल्या स्वतःकडे बघत होती. नंतर म्हणाली, "त्यांना दिसलंच नाही म्हणून ते नाही म्हणाले. काप. सगळे मागे जातील असे काप."

त्याने कापले. घरी गेल्यावर बायकोने पोरीकडे पाहिले आणि हातातले ताट खाली ठेवले. "काय केलंत हे? उघडं केलंत लेकराला."

"मीच सांगितलं, आई," मुंगी म्हणाली. आई आत गेली. थोड्या वेळाने तेलाची बाटली घेऊन बाहेर आली आणि ते आखूड केस चापूनचोपून मागे बसवू लागली. काही ठिकाणी तिचे बोट थांबे, मग पुढे सरके.

समितीच्या दिवशी मुंगीच्या आईने मलाही चला म्हटले. आईवडिलांबरोबर एका परिचिताला बसता येत असे. धुलाईघरात सुट्टी मिळेना, म्हणून तिने कोणाशी तरी पाळी बदलून घेतली होती.

लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली हिरवे कापड, पाण्याच्या पेल्यांवर झाकणे. पलीकडे तिघे: मधे अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला शिक्षण खात्याचे एक तरुण गृहस्थ, जे सतत घड्याळ चाचपत होते. त्यांच्या मागे काचेची दारे असलेले कपाट. मी दाराजवळ बसलो. अलीकडे मुंगी, तिची आई आणि वकीलबाई.

अध्यक्ष रेडिओला म्हणाले, "बसा."

"ते उभे राहतील," वकीलबाई म्हणाल्या. "मुलीच्या मागे. चालेल ना?"

अध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. "आमची काही हरकत नाही. पण पाय दुखतील."

"सवय आहे साहेब," रेडिओ म्हणाला. त्या खोलीत त्याने आपणहून बोललेले ते पहिले वाक्य.

तो मुंगीच्या खुर्चीमागे गेला. दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि बोटांनी, बहुधा नकळतच, तिची हनुवटी खिडकीच्या उजेडाकडे किंचित वळवली. समोरच्या कपाटाच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. त्याची नजर तिथे स्थिरावलेली मी पाहिली.

"हा जिन्यावरचा," तो म्हणाला. "चार पायऱ्या राहिल्या होत्या. हिच्या हातात तिची बाहुली होती, ती टाकून कठडा धरायलाही सवड मिळाली नाही. घसरली नाही, एकदम गेली. आई वर होती, मी खाली. दोघांपैकी कोणीही पोचलं नाही."

आणि तो बोलत राहिला. गल्लीला ओळखीच्या त्याच आवाजात, त्याच चालीत. दर वेळी बोटाने केस बाजूला करून जागा दाखवायचा, जसा गिऱ्हाइकाला त्याचा भोवरा दाखवतो. पडल्यावर तिचे कपडे ओले होतात हे त्याने सांगितले. शब्द परत येईपर्यंत तिला स्वतःचे नाव विचारायचे नसते, ती घाबरते, हेही सांगितले. तिची आई टेबलाच्या कडेकडे बघत होती. मुंगी मात्र काचेत बापाकडे बघत होती. तिला यातले काही नवीन नव्हते.

"आणि हा भुवईजवळचा, हा फाटकापाशी..."

"तो नाही," मुंगी म्हणाली.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले.

"तो झटक्याचा नाही बाबा. तो मी... मी मावसभावाच्या सायकलवरून पडले. तुला सांगितलं नव्हतं."

"का?" रेडिओ काचेतल्या तिला म्हणाला.

"तू रागावशील म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला. अध्यक्षही हसले, आणि मग पुढे झुकून, यावेळी थेट मुंगीला म्हणाले, "म्हणजे बाकीचे सगळे खरे?"

"हो."

"तुला शाळेत मदतनीस हवी आहे का? तुझं तू सांग."

मुंगीने ओठ हलवले. शब्द येईना. तरुण गृहस्थ मदत म्हणून बोलू लागले, "म्हणजे तुला पडायची भीती..." वकीलबाईंनी नुसता हात वर केला. ते गप्प झाले. रेडिओची बोटे तिच्या केसांत अगदी सावकाश फिरत होती. पण तो बोलला नाही. तिच्यासाठी बोलायची आयुष्यभराची सवय त्याने त्या वेळी कशी आवरली, मला माहीत नाही.

"मला उठायचं असतं," मुंगी म्हणाली.

"म्हणजे?"

"शाळेत मला उठू देत नाहीत. मी पडते म्हणून. भिंतीपाशी... चटईवर बसवतात. मधल्या सुट्टीत पण. पाणी दुसरं कोणीतरी आणतं." ती थांबली. "मी अजून... नळ बघितला नाही. नव्या इमारतीतला."

काचेत मला रेडिओचा चेहरा दिसला. हे त्याला ठाऊक नव्हते. तिच्या आईलाही नव्हते. आई मुंगीकडे वळून म्हणाली, "कधीपासून गं?" आणि उत्तराची वाट न बघता तिचा हात हातात घेतला.

वकीलबाई तेव्हा प्रथमच बोलल्या. फेरविचारासाठी त्यांनी नियम, दाखले, सगळे तयार करून आणले होते. त्यातले त्यांनी फारसे काही काढले नाही. म्हणाल्या, "मदतनीस पडणं थांबवायला नको आहे साहेब. ते तिला जमणारही नाही. मुलीला उठता यावं म्हणून हवी आहे. एवढंच लिहा."

अध्यक्षांनी लिहिले. काय लिहिले ते तेव्हा कळले नाही.

बाहेर पायऱ्यांवर रेडिओ वकीलबाईंच्या पाया पडू लागला, तर त्या मागे सरल्या. "माझं काय त्यात? मी विणकाम करत होते." मग मुंगीला म्हणाल्या, "सायकलचं तिथे सांगायची काय गरज होती गं?"

"खोटं होतं ते."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या कोणाच्या तरी घरी जायला बसथांब्याकडे निघून गेल्या.

मंजुरी सत्र सुरू व्हायच्या थोडे आधी आली. एका वर्षापुरती. पुढे पुन्हा समिती बसेल, पुन्हा सांगावे लागेल. मदतनीस म्हणून एक प्रौढ बाई आल्या, घोटे दुखत असल्याने सावकाश चालणाऱ्या, त्यामुळे मुंगीच्या चालीला त्यांची चाल बरोबर जुळते. चटई शाळेने उचलली. मुंगी अजूनही पडते. नव्या इमारतीच्या नळापाशीही एकदा पडली आणि कोपराला खोक पडली. ती खोक ती सगळ्यांना दाखवत होती, कारण तिथे ती स्वतः चालत गेली होती.

मागच्या महिन्यात मी दुकानात बाकावर बसलो होतो. खुर्चीत मुंगी होती. केस पुन्हा डोळ्यांपर्यंत आले होते. टायरवाल्याने दारातून डोकावून विचारले, "माझा नंबर कधी?" आणि रेडिओने त्याला हातानेच बस म्हटले.

त्याने कापड झटकले, मुंगीच्या गळ्याभोवती बांधले आणि कात्री हातात घेऊन थांबला.

"कसे ठेवू?" त्याने आरशात बघून विचारले.

मुंगीने विचार केला. शब्द यायला वेळ लागला, आणि आम्ही तिघेही थांबलो.

"पुढे सोड," ती म्हणाली. "त्यांचं बघून झालं. समिती आली की परत काप."

"बरं," रेडिओ म्हणाला, आणि कात्री चालवू लागला.